चार बोटांचं भोक

ग्विन्या, तुला मी अजून नीट पाहिलेलं नाही.
बारा वर्षांत एकदाच, कुंपणाच्या खांबावर
ठिपक्यांची शेपूट, घरच्या मांजरापेक्षा जाड,
आणि मग नुसतं हलणारं पान.
बाकी तुझी ओळख तू मागं टाकतेस त्यावरून.
मानेला दोन बारीक टोचे, रक्त जवळजवळ नाहीच,
पिसं मात्र खुराड्यापासून बटाट्याच्या वाफ्यापर्यंत.

गेल्या मंगळवारी तीन गेल्या.
नेलीस खरं तर एकच, दोन नुसत्याच मारून टाकल्यास.
हे मला समजत नाही. भूक समजते.
त्यात ती बिनशेपटीची होती, निळी अंडी देणारी,
नणंदेनं केम्चीहून बसमधून मांडीवर आणलेली.
सबंध वाटेत शिटलीसुद्धा नाही म्हणे,
एवढी शहाणी.

शेजारचा ओनोफ्रे म्हणाला, मांसात विष घाल.
म्हटलं, आणि तुझा कुत्रा?
तो गप्प झाला.
त्याच्या कुत्र्यानं मागं साबणाची वडी खाल्ली होती.

मग एलादिओ उठला.
उठला म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही.
डावा पाय आहे जागेवर, पण ऐकत नाही.
सॅल्मनच्या पिंजऱ्यांवर पाणबुड्या होता तो.
खाली काळ्या पाण्यात जाळं चाचपायचं,
भोक सापडलं की शिवायचं,
आणि पलीकडं समुद्रसिंह,
नाक जाळ्याला लावून, वाट बघत.
एक दिवस तो घाईनं वर आला.
घाई मुकादमाची होती.

वादळानंतर कंपनीची तुटकी जाळी किनाऱ्याला लागतात.
मी एक ओढून आणलं, बैल लावून,
शिंपले, शेवाळ, सगळ्यासकट.
दोन दिवस कोंबड्या तेच टोचत बसल्या.

'आधी भोक दाखव,' तो म्हणाला.
म्हटलं, भोक नाही, फळी न् फळी पाहिलीय मी.
त्यानं डोळे मिटले
आणि भिंतीवरून हात फिरवत निघाला
लंगडत, हळू, पाण्यात चालल्यासारखा.
अंडी घालायच्या पेटीमागं, फळी दगडाला टेकते तिथं
त्याचा हात थांबला.
चार बोटांचं भोक.
माझी मूठ अडकली त्यात.
पण तुझं डोकं गेलं की तू सगळीच जातेस.

मग शिवणं सुरू झालं.
वरून, चारी अंगांनी,
आणि खाली वीतभर मातीत, बाहेरच्या बाजूला वळवून,
त्यावर दगड. उकरशील तर जाळंच हाती लागेल.
गाठी त्याच, समुद्रातल्या.
दर गाठीला तो श्वास धरत होता. सांगितलं नाही मी त्याला.

आता आठ आहेत, एक खुडूक, आणि कोंबडा.
तिन्हीसांजेला मोजते, दार लावते,
परत जाऊन कडी ओढून बघते.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, माहीत आहे.
उजाडेल तेव्हा ते असावं,
एवढ्यासाठीच तर झाकायचं.

काल रात्री तू आलीस.
जाळं हललं, कोंबड्या एकदाच कुरकुरल्या.
एलादिओ झोपेतच म्हणाला, 'समुद्रसिंह आहे.'
आणि गोधडीच्या काठाला
त्याची बोटं गाठ मारायला लागली.
उठवलं नाही. गाठ पुरी होऊ दिली.

सकाळी चिखलात तुझी पावलं,
जाळ्याला धरून पूर्ण फेरा, मग दुसरा,
मग एका जागी बराच वेळ.
तिथं वाकून पाहिलं, आतलं काय दिसतं:
आठ पाठी, दांडीवर दाटीनं,
आणि खुडकीचा एक उघडा डोळा.
तू बसली होतीस ती जागा गोल होती, दबलेली.
ऊब असेल असं वाटून मी हात लावला.
नव्हती.